बाप्तिस्म्यापूर्वी दगावलेल्या बाळाचे तारण होते का?
बाप्तिस्म्याविना, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या पाण्याच्या विधीविना, दगावलेल्या बाळाचे तारण (पापातून सुटका व देवाजवळचे सार्वकालिक जीवन) होत नाही का, हा आपला प्रश्न आमच्या खानापूर भागातही विचारला जातो. बायबलातील योहान ३:५ मधील पाण्याने व आत्म्याने जन्मण्याच्या वचनामुळे कॅथलिक चर्च बाप्तिस्मा आवश्यक मानते. मात्र देव स्वतः बाप्तिस्म्यासारख्या चर्चच्या संस्कारांनी (पवित्र विधींनी) बांधलेला नाही, असेही तेच चर्च शिकवते आणि अशी बाळे देवाच्या दयेवर सोपवते. त्यामुळे शोकाकुल आईला ‘तारण झाले नाही’ असे सांगणे मला त्या शिकवणीविरुद्धच वाटते. जीव धोक्यात असल्यास फादरची वाट पाहू नये. परिचारिकेने, ती ख्रिस्ती नसली तरी, चर्च बाप्तिस्म्यात जे करते तेच करण्याचा हेतू मनात धरून बाळाच्या डोक्यावर पाणी ओतत ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते’ असे म्हटल्यास तो ग्राह्य असतो. बेळगावातील मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाचे) बांधव मात्र कृपा व विश्वास यांनाच तारणाचा आधार मानतात.