बी गावातच फोडायची

बाय, तुझा एवढा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. वाशी मार्केटातून तयार काजूगर उचलायचा, पुण्यात पॅकिंग करायचं, डब्यावर ‘वेंगुर्ला काजू’ छापायचं, आणि बाबांची बी नेहमीसारखी व्यापाऱ्याला. वर विचारतेस, गावाचं पण भलं होईलच ना? कसं होईल? तो गर आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टहून आलेल्या बीचा पण असू शकतो. वेंगुर्ला काजूला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, ते नाव दुसऱ्या मालावर लावायचं नाही, विषय संपला.

बी गावातच फोडायची. किलोभर बीतून गर निघतो पाव किलोच्या आसपास, वेंगुर्ला 7 जातीची असेल तर थोडा जास्त, पण उकडणं, फोडणं, ड्रायरला लावणं, सालपट काढणं, मग आकाराप्रमाणे 240, 320 नंबरचा गर, पाकळी, तुकडा वेगळं करणं, ही सगळी मजुरी बीची गोण ट्रकात चढली की तिच्यासोबत जाते. आमच्या वाडीतल्या बाया मुंबईत धुणीभांडी करायला गेल्या आणि त्याच वर्षांत बी गाड्या भरभरून घाट चढत होती, ते मला अजून सलतं. (बोंडांचं तर बोलूच नको, गोव्यात त्यांच्या फेणीला 2009 मध्ये जीआय मिळाला, आपल्याकडे झाडाखाली कुजतात.)

सबसिडीचं विचारलंस. पीएमएफएमईत (केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना) 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, अजून चालू असेल तर घे की! पण ती मुख्यतः मशीन-शेडसाठी, आणि युनिट मशीनमुळे बंद पडत नाही गं, बीच्या पैशामुळे पडतं. बी येते मार्च ते मे, फोडायची वर्षभर, म्हणजे वर्षाचा माल त्या तीन महिन्यांत रोखीनं घेऊन ठेवायचा. मला पहिल्या सीझनला बँकेनं कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) दिलं तेव्हा पाऊस लागला होता, बी कधीच गेलेली. तरी घरची आणि शेजाऱ्यांची होती तेवढी फोडलीच. एमआयडीसीत शेड मिळत होती, नाही घेतली, कारण तिथे जायला वाडीतल्या बायांना वेळेवर एसटी नाही. लोक हेकेखोर म्हणाले, म्हणू देत, नफा कमी झाला असेल पण बी गावातच फुटली आणि मला ते आजही बरोबरच वाटतं.

तू सगळं एकदम करू नको. फेब्रुवारीत ओले काजूगर शेकड्यावर वीक, त्याला मशीन लागत नाही, गिऱ्हाईक पण कळेल. पुण्यात राहायचं तर रहा, विकायला तिथे कोणीतरी लागेलच, फक्त बी इथेच फोडायची. बँकेत खेळत्या भांडवलाचं आत्ताच बोल, मार्चमध्ये नको. आणि बाबांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतलीय का ते आधी विचार, घेतली असेल तर आकडा मला कळव, मग मी येतो त्यांच्याशी बोलायला.