बाहेर अर्धा तास काही नाही, घरात शिरताच सोफ्यामागे सू

तुमच्या पोस्टमधली ही तक्रार आमच्या फार जुन्या ओळखीची. साडेतीन महिन्यांचं शिह त्झू या लहान जातीचं कुत्र्याचं पिल्लू, अर्धा तास बाहेर फिरवलं तरी काही करत नाही आणि आत आल्याबरोबर सोफ्यामागे जाऊन मोकळं होतं. "मुद्दाम करतो" असं तुम्ही लिहिलंय. मुद्दाम नाही करत. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर बाहेर न्यायचं हे तुम्ही करताच आहात, त्यात मी वेळ घालवत नाही.

आधी एक सांगा: घरात सू करताना सापडलं तेव्हा कुणी ओरडलं होतं का? पिल्लाचं नाक सूत घासण्याचा सल्ला कुणी दिला होता का? हा सल्ला पैसे घेणारे प्रशिक्षकही अजून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. "गालिच्यावर करू नये" हे पिल्लाला त्यातून कळत नाही. "माणसासमोर केली की संकट येतं" एवढंच कळतं. मग बाहेर पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही उभे असताना ते करेल कशाला? सोफ्यामागे निदान तुम्ही नसता. नंतर कधीतरी डाग दिसला म्हणून रागावणं तर त्याहून निरुपयोगी, त्याचा सूशी संबंध पिल्लाला लागतच नाही.

तेव्हा ओरडणं घरातल्या सगळ्यांनी बंद. मध्येच सापडलं तर न बोलता उचला आणि बाहेर न्या. लहान जातीचा हा एक फायदा, उचलल्यावर बहुतेक वेळा धार थांबते.

बाहेर तीन ते पाच मीटरचा हलका पट्टा लावा. रोज तीच जागा. फिरवू नका, एका जागी उभे राहा, तोंड दुसरीकडे करून. पाच-सात मिनिटं पुरे. केली तर पूर्ण होऊ द्या, अर्ध्यात "शाब्बास" म्हटलंत तर ते थांबून तुमच्याकडे पळत येईल आणि उरलेली घरात होईल. संपली की दोन सेकंदांच्या आत, तिथेच, वाटाण्याएवढा खाऊ. घरात येऊन दिलात तर ते घरात येण्याचं बक्षीस झालं. आणि लगेच आत आणू नका. सू केली की बाहेरची मजा संपते हे पिल्लं फार लवकर ओळखतात आणि धरून ठेवायला लागतात. फेरफटका सू झाल्यानंतर.

नाही केली तर? खरी चूक इथे होते. आत आणून जमिनीवर मोकळं सोडायचं नाही. कडेवर, कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर किंवा क्रेटमध्ये (पिल्लाच्या झोपायच्या पिंजऱ्यात) दहा-पंधरा मिनिटं, मग पुन्हा त्याच जागी. गरज पडली तर आणखी एक फेरी. झाल्यावरच घरात मोकळीक, तीही नजरेसमोर आणि अर्ध्या तासापुरती. क्रेट उभं राहून वळता येईल एवढाच हवा. मोठा असला की एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात सू.

वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास धरू शकतं हा हिशेब सगळीकडे वाचाल. ती शांत पडून असतानाची वरची मर्यादा आहे, शिवाय लहान जातींचं मूत्राशयही लहान. जागं असताना दीड-दोन तास धरा, खेळताना त्याहून कमी. पाणी तोडू नका. जेवणही चुकवू नका, इतक्या लहान पिल्लांची रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरू शकते.

डागांबद्दल: एंझाइम असलेलं क्लीनर आणा. आधी कापडाने टिपून घ्या, मग सू जितकी खोल गेली असेल तितकं भिजवा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या. आधी दुसरं काही वापरलं असेल तर ती जागा साध्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर एंझाइम काम करत नाहीत. अमोनियावाली द्रव्यं नकोत, त्यांचा वास सूसारखाच. ब्लीच सूवर ओतू नका, विषारी वायू तयार होतो. जुने डाग अंधारात यूव्ही टॉर्चने दिसतात.

घरात सू करायला अंथरतात त्या शोषक पॅडबद्दल माझं मत एकांगी आहे. पायाखाली मऊ लागलं की करायची ही सवय त्याने लागते, आणि गालिचाही मऊच असतो. लसी पूर्ण व्हायच्या असतील, किंवा वरच्या मजल्यावर राहत असाल, तर वापरा, पण निदान गालिचे गुंडाळून ठेवा.

मी पशुवैद्य नाही, पण लघवीची तपासणी मागून घ्या. एका दवाखान्याने आम्हाला "लहान जात आहे, चालायचंच" म्हणून नुसतं परत पाठवलं होतं, ते अजून डोक्यात आहे. थोडी-थोडी पण सारखी सू, कुंथणं, लालसर रंग, ती जागा सतत चाटणं, यातलं काहीही दिसलं तर कितीही शिकवून उपयोग नाही, संसर्ग असू शकतो. झोपेत अंथरूण ओलं होत असेल, विशेषतः मादी असेल, तर मूत्रवाहिनीतला जन्मजात दोषही तपासायला सांगा. नमुना घ्यायला स्वच्छ, उथळ ताटली मागून हळूच सरकवायची. अर्ध्या तासात पोचवता येणार नसेल तर झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, आणि त्याच दिवशी द्या.