समोरच्या एकाच दाताच्या कॅपसाठी सर्वांत उजळ शेड घ्यावी का?

कॅप शेजारच्या दातांशी जुळेल का आणि डॉक्टर म्हणतात तशी सर्वांत उजळ शेड घ्यावी का, असे आपण विचारले आहे. जुळते, परंतु उजळ शेड मुळीच घेऊ नये. इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की, हाच सल्ला माझ्या मोठ्या दिरांनी मला दिला होता आणि तो वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

माझे बालपण यवतमाळ जिल्ह्यात हातपंपाच्या फ्लोराइडयुक्त पाण्यावर गेले, त्यामुळे माझ्या समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके आहेत. एका दाताचे रूट कॅनल झाल्यावर नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली आणि कॅप बसावी म्हणून डॉक्टरांनी दात कोरून लहान केल्यानंतर शेड ठरवण्यात आली. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडे पडतात व मूळ रंगापेक्षा फिकट दिसतात, त्यामुळे कॅपही फिकटच आली. दवाखान्यात ती बरी दिसली, पण एप्रिलच्या नागपुरी उन्हात ती एकटीच चमकत होती. सुदैवाने मी आग्रह धरून ती तात्पुरत्या सिमेंटवर बसवून घेतली होती, म्हणून ती काढता आली. "सवय होईल" हे डॉक्टरांचे म्हणणे मी मान्य केले नाही.

दुसऱ्या वेळी सकाळी, लिपस्टिक पुसून, खिडकीजवळ, कोणतेही काम सुरू होण्यापूर्वी शेड पाहिली. शेड गाइडमधील (दातांच्या रंगछटांच्या नमुना-संचातील) तुकडा दाताशेजारी धरून काही क्षणच पाहावे, कारण टक लावून पाहिल्यास डोळे थकून सगळे सारखेच वाटू लागते. तांबूस की पिवळसर यापेक्षा दात किती उजळ आहे, हे आधी जुळले पाहिजे. माझ्या दाताचा मधला भाग ए-२, हिरडीजवळचा ए-३ (हे त्या गाइडमधील छटांचे क्रमांक; ए-३ अधिक गडद) आणि खालची कड किंचित पारदर्शक निघाली. तो तुकडा दाताला लावूनच फोटो काढले आणि ते कॅप बनवणाऱ्या लॅबला पाठवताना माझ्या दातांवरचे पांढरे ठिपकेही कॅपवर तसेच करण्यास सांगितले. त्यावर दीर म्हणाले, "पैसे देऊन डाग कोण पाडून घेतं?" मी पाडून घेतले, आणि म्हणूनच कॅप कोणती हे आता मलाही आरशात शोधावे लागते.

रूट कॅनलनंतर आपला दात आतून काळवंडला असल्यास पारदर्शक सिरॅमिकमधून तो काळेपणा दिसू शकतो, म्हणून त्या दाताचाही फोटो लॅबला द्यावा. दात उजळवून घ्यायचे असतील तर ते आधी करून, रंग स्थिरावण्यासाठी सुमारे दोन आठवडे थांबून मग शेड ठरवावी. कॅपवर ब्लीचिंगचा परिणाम होत नाही. दिरांनी पुढे स्वतःसाठी सर्वांत पांढरी कॅप पक्की बसवून घेतली आणि आता ती थोडी गडद करून मिळेल का, अशी चौकशी करीत आहेत. मिळत नाही; ती कापून काढून नवीनच करावी लागते.