घेर मोजून सायप्रसचं वय काढता येतं का?

प्रश्न असा आहे: "अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलींमध्ये दोन-अडीच हजार वर्षांचे सायप्रस वृक्ष आहेत म्हणे. ते शोधतात कसे? बुंध्याचा घेर मोजून वय काढता येतं का? आणि सापडलंच तर नोंद कुठे करायची? मुलाकडे रॅलेला येतोय, जमलं तर एखादं शोधायचा विचार आहे."

मधल्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात अजून धुसफुस चालू आहे. नाही. घेर मोजून वय काढता येत नाही. कोणी काढून दाखवलंच तर त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

मी नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेशेजारच्या कॅरीला राहते. ब्लॅक रिव्हर गाडीने दोनेक तासांवर. तुम्ही वाचलं असेल ते बहुधा याच नदीबद्दल. थ्री सिस्टर्स नावाच्या पट्ट्यातला एक बाल्ड सायप्रस २०१८ साली किमान २,६२४ वर्षांचा होता, असं आर्कान्सा विद्यापीठातल्या डेव्हिड स्टाले यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसरा एक २,०८८ वर्षांचा. स्टाले या नदीवर १९८५ पासून येतायत, म्हणजे हे काही एका दुपारी सापडलेलं नाही. त्यातला 'किमान' हा शब्द सगळे गाळतात. आमच्या धाकट्या दिरांनीही गाळला.

दीर पुण्यात सिव्हिल इंजिनिअर. हुशार माणूस, हातात टेप असली की जास्तच हुशार. मागे फेब्रुवारीत आले होते, तेव्हा ही बातमी वाचूनच आले होते. "वहिनी, मला ते झाड बघायचंय." म्हटलं, नेमकं कोणतं ते मलाही माहीत नाही आणि माहीत नाही तेच बरं, पण त्याची भावंडं दाखवते. दोन कयाक गाडीवर टाकल्या आणि निघालो. गॅरेजमधली लांब टेप त्यांनी जॅकेटमध्ये घातली होती हे मला पाण्यात उतरल्यावर कळलं.

नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं. पानं आणि लाकूड कुजून आलेला रंग, गाळ जवळजवळ नाहीच. ही नदी किनारपट्टीच्या रेताड सपाटीतच उगम पावते, त्यामुळे डोंगरातली माती हिच्यात येत नाही. झाडांच्या पोटात काही पडत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं कणाकणाने वाढतात. थ्री सिस्टर्सपाशी नदी फुटून इतक्या फाट्यांची होते की धार कुठली आणि डबकं कुठलं ते पाण्यावर पडलेल्या पानाच्या सरकण्यावरून ओळखावं लागतं. झाडांचे 'गुडघे', म्हणजे मुळांवर उभे राहिलेले खुंट, पाण्यातून वर आलेले, काही माणसाच्या छातीला लागतील एवढे. कयाक दोन गुडघ्यांमध्ये अडकली की मागे रेटायला जागा नसते, हाताने ढकलत बाहेर यायचं.

भाऊजींना एक झाड आवडलं. आवडण्यासारखंच होतं. खाली बुंधा प्रचंड फुगलेला, एका बाजूला माणूस आत शिरेल एवढी ढोली. म्हणाले, थांबा. आणि फेब्रुवारीच्या पाण्यात मांडीपर्यंत उतरले. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं घेऊन ते मागे गेले. ओल्या सालीवरून टेप घसरायची, खाचांमध्ये आत जायची, ढोलीच्या तोंडावर नुसतीच हवेत ताणायची. शेवटी आकडा आला पंचवीस फूट. ओठ निळे पडले होते, पण हिशेब तिथेच केला. घेर पंचवीस फूट, म्हणजे त्रिज्या साधारण बाराशे मिलिमीटर. इथली झाडं सावकाश वाढतात, वर्षाला अर्धा मिलिमीटर धरू. "अडीच हजार वर्षं, वहिनी! झालं की."

म्हटलं, "भाऊजी, तुम्ही झाड मोजलं नाहीत, पूर मोजलात."

सायप्रसचा बुंधा खाली फुगतो तो वयाने नव्हे. पाणी किती उंचीपर्यंत आणि वर्षातले किती महिने उभं राहतं, त्यावर फुगवटा किती आणि कुठवर हे बरंचसं ठरतं. म्हणून माहितगार माणूस फुगवटा संपतो त्याच्या वर मोजतो. आमच्या त्या झाडाचा फोटो मी वल्हं शेजारी धरून काढला होता. वल्ह्याच्या मापाने फुगवट्याच्या वरचं खोड जेमतेम तीन फूट रुंद भरतं. आता त्यांचाच हिशेब लावा: त्रिज्या साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास, अर्ध्या मिलिमीटरने नऊशे वर्षं. वलय, म्हणजे खोडातली एका वर्षाची वाढ, एक मिलिमीटरचं धरलं तर साडेचारशे. एकाच झाडाला साडेचारशे, नऊशे आणि अडीच हजार, आणि तिन्ही आकडे कुणीही लाकडाकडे न बघता काढलेले. इंजिनिअरला एवढं पटायला हवं. पटलं नाही.

जाडी बघायची असेल तर लुइझियानात कॅट आयलंडला जा. तिथला सायप्रस देशातला सगळ्यात जाडा म्हणून गाजलेला आहे. तो मिसिसिपीच्या पुराच्या मातीत उभा आहे, त्याला खायला भरपूर. ब्लॅक रिव्हरची म्हातारी झाडं त्याच्यापुढे किरकोळ दिसतात.

त्या दिवशी शेजारीच एक झाड होतं. बारीक, शेंडा वादळात मोडून सपाट झालेला, वर दोनच जाड फांद्या वेड्यावाकड्या, साल खोडाभोवती पीळ घेत गेलेली. मी भाऊजींना म्हटलं, पैज लावायची तर मी याच्यावर लावीन. "हे? हे तर अर्धं मेलंय." नेमकं तेच. १८८० नंतर पन्नासेक वर्षं लाकूडवाल्यांनी हा सगळा पट्टा इथून फ्लोरिडा-लुइझियानापर्यंत साफ केला. आधी झाडाची साल गोलाकार कापून ते उभ्या-उभ्या वाळवायचे, कारण ओला सायप्रस बुडतो, मग तोडून पाण्यातून ओढून न्यायचे. लुइझियानात लाकूड जिथे ओढून आणलं त्या जागांभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे चर अजून विमानातून दिसतात. त्यांनी सरळ आणि भरीव ते सगळं नेलं. पोकळ, पिळाचं, बुरशीने आतून खाल्लेलं ठेवलं, कारण त्याची फळी निघत नव्हती. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे: लाकूडवाल्याने ज्याच्याकडे पाठ फिरवली असेल ते शोधा. सपाट शेंडा, थोड्याच पण जाड फांद्या, पिळाची साल, पोकळ बुंधा. मोठं आणि देखणं असेल तर बहुतेक तरुण आहे.

खरं वय काढायचं तर खोडात पोकळ गिरमीट फिरवून पेन्सिलहून बारीक लाकडी कांडी काढतात. तीही फुगवट्याच्या वर, शिडी लावून, कारण फुगवट्यात वलयं एका बाजूला असतात आणि दुसऱ्या बाजूला गायब होतात. कांडी लाकडी पट्टीवर चिकटवून, बारीक-बारीक पॉलिश पेपरने घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पुढचं काम नुसत्या मोजणीचं नाही. सायप्रस कधी एका वर्षात दोन वलयांचा आभास करतो, कधी दुष्काळात वलय धरतच नाही. म्हणून एका झाडाची जाड-बारीक वलयांची ओळ दुसऱ्या झाडाशी, तिसऱ्याशी जुळवत वर्ष पक्कं करायचं. वर शिडी लावल्यामुळे झाड तेवढं उंच होईपर्यंतची वर्षं कांडीत येत नाहीत, आणि गाभा कुजलेला असला तर तीही गेली. त्यातून तो 'किमान' येतो.

हे एवढं कशासाठी, असं भाऊजींनीही विचारलं होतं. १५८७ साली इंग्रजांनी इथल्या किनाऱ्याजवळच्या रोअनोक बेटावर वसाहत केली, आणि १५९० ला जहाज परत आलं तर माणसं नाहीत. ती वसाहत म्हणजे इथल्या शाळेतल्या मुलांचं आवडतं गूढ. स्टाले आणि मंडळींनी व्हर्जिनियाच्या सीमेजवळच्या सायप्रसांची वलयं वाचून १९९८ मध्ये दाखवलं की १५८७ ते १५८९ हा तिथला आठशे वर्षांतला सगळ्यात भयानक दुष्काळ होता. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ४३ वर्षं आधीचा पाऊस झाडाने वर्षागणिक टिपून ठेवलाय. टेपने हे निघत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेचं कौतुक नाही. भाऊजींच्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची वलयमालिका बांधली आणि मान्सूनचे दुष्काळ त्यात वाचले. सागाला वलयं असतात. आमच्या सासरच्या गावातल्या वडाला वाचण्याजोगी नसतात, आणि पारंब्यांची खोडं झाल्यावर त्याचा घेर म्हणजे काय हेही ठरवता येत नाही. तरी तो वड घरात कुणी 'सातशे वर्षांचा' म्हणतं, आणि दर दिवाळीला त्यात भर पडते. आमचं भांडण खरं तर तिथून सुरू झालेलं आहे.

असो. संध्याकाळी परत येईपर्यंत घरच्या ग्रुपवर फोटो पडला होता: 'वहिनींसोबत शोधलेलं अडीच हजार वर्षांचं झाड', खाली लोकेशनची पिन. आठवड्याभरात तोच मेसेज माझ्या आईला नाशिकच्या कुठल्या तरी भजनी मंडळाकडून आला. त्यात झाड तीन हजारांचं झालं होतं आणि मी शास्त्रज्ञ.

वयाचं एक वेळ सोडून देईन. पिनचं नाही सोडणार. फ्लोरिडात लाँगवुडला 'द सेनेटर' नावाचा सायप्रस होता, साडेतीन हजार वर्षांचा म्हणत. जानेवारी २०१२ मध्ये कुणीतरी ढोलीत शिरून काडी पेटवली, आणि झाड आतून चिमणीसारखं जळून कोसळलं. जुनी झाडं बहुतेक पोकळ असतात, म्हणजे ही सोय प्रत्येकात आहे. भाऊजी म्हणतात, तो सेनेटर तर बागेत होता, कुंपणात होता, पत्ता सगळ्यांना माहीत होता, म्हणजे लपवण्याचा आणि जळण्याचा संबंध काय? मुद्दा बिनतोड आहे असं त्यांना वाटतं. माझं म्हणणं, कुंपण असून राहिलं नाही, तर जिथे ना कुंपण ना माणूस, तिथे बाण काढून कशाला दाखवायचा? थ्री सिस्टर्स कुठे आहे ते नकाशावर आहेच, जा, खुशाल बघा. एकेका झाडाचा पत्ता देऊ नका.

नोंदीचं. लुइझियानात १८०३ साली, म्हणजे अमेरिकेने तो मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला तेव्हा, हयात असलेल्या सायप्रसांची यादी करण्याचा उपक्रम आहे, तिकडे गेलात तर उपयोगी पडेल. ब्लॅक रिव्हरवर बरीच जमीन नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्ग राखणाऱ्या संस्थेची आहे, त्यांना कळवा. आयनॅचरलिस्टवर (झाडं-प्राणी नोंदवायचं ॲप) टाकायचं तर लोकेशन 'अस्पष्ट' करा, ती सोय त्यात आहे. फोटो दोन बाजूंनी, शेजारी वल्हं किंवा माणूस, घेर फुगवट्यात आणि फुगवट्याच्या वर असा दोन्हीकडे, ढोली, जळाल्याच्या खुणा, तारीख, पाण्याची पातळी. वयाच्या रकान्यात काही लिहू नका. गिरमीट विकत मिळतं म्हणून आणू नका, मालकाच्या परवानगीशिवाय झाडात भोक पाडणं हा सरळ गुन्हा होऊ शकतो आणि एका कांडीवरून तुम्हाला काही वाचताही येणार नाही.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. दोन्ही काठ बऱ्याच ठिकाणी खाजगी आहेत, वाटेल तिथे उतरू नका. टोमाहॉकजवळ नदीवर सरकारी पातळीमापक आहे, त्याचे आकडे नेटवर दिसतात. पाणी फार कमी असेल तर कयाक ओढत न्यावी लागते, फार चढलं असेल तर फाट्यांमध्ये दिशाच लागत नाही. फोनला रेंज धरून चालू नका, नकाशा आधी उतरवून घ्या आणि मुलाला परतायची वेळ सांगून जा. उन्हात फांदीवर बसलेल्या पाणसापाला हात लावायची हौस नको, तो विषारी असू शकतो. शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारी या. सायप्रसची पानं हिवाळ्यात झडतात, त्यामुळे मोडके शेंडे लांबून दिसतात आणि डासही नसतात. एप्रिलमध्ये आलात तर पालवी फुटलेली असेल. फोटो सुंदर येतील, पण म्हातारं कोणतं ते कळणार नाही.