लंडनजवळ राहतो, दोन लहान मुलं आहेत. १०-१२ वर्षं जुनी इस्टेट गाडी (मागे लांब, मोठी डिकी असलेली) घ्यावी का?

घ्या, पण डिझेल बघून-सवरून. शाळा, दुकान, घर एवढंच फिरणं असेल तर डिझेलच्या धुराड्यातला काजळीचा फिल्टर (डीपीएफ) तुंबतो. तो साफ व्हायला अधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते. शिवाय यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा रोजचा आकार) आहेच: २०१५ च्या सप्टेंबरआधीची बहुतेक डिझेल गाडी लंडनमध्ये नेली की दिवसाला १२.५० पौंड. पेट्रोलला साधारण २००६ नंतरची चालते. तुमच्यासाठी पेट्रोलच बरी.

विकणाऱ्याच्या गोड बोलण्यापेक्षा नंबरप्लेट टिपून घ्या. सरकारी वेबसाइटवर त्या गाडीच्या एमओटीचा (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) इतिहास फुकट दिसतो, मायलेजसकट. 'अ‍ॅडव्हायजरी'मध्ये (तपासणाऱ्याने लिहिलेल्या सूचनांमध्ये) दरवर्षी गंजाचा उल्लेख असेल तर सोडून द्या. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून गाडी खातं.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग ताळमेळाने फिरवणारा पट्टा) असलेलं इंजिन असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल, तर बदललेला नाही असंच धरा. मी 'पुढच्या महिन्यात करू' म्हणत राहिलो, बेल्ट तुटला आणि जवळजवळ गाडीच्या किमतीएवढं बिल आलं. वॉटर पंपही त्याच वेळी बदलून टाका, मजुरी एकदाच पडते.

जागेचं म्हणाल तर २०१३ ते २०२० मधल्या स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेटची डिकी ६१० लिटरची. बाबागाडी, तांदळाची २० किलोची गोणी आणि हीथ्रोवरून आलेल्या सासूबाईंच्या दोन बॅगा (एक नुसती लोणची-पापडांची) आरामात बसतात.