शाळेला सगळं सांग

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका आईचं पत्र आलंय. माहेर सोलापूरचं, सासरही इथलंच, साखर पेठेतलं. नऊ वर्षांच्या मुलाला नेफ्रॉटिक सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडाचा आजार आहे. दोन वर्षांत चार वेळा उलटला. सप्टेंबरपासून २३ दिवस शाळा बुडाली. ती लिहिते, "बाई, शाळा ईमेलवर वर्कशीट पाठवते. ऑफिस सांभाळून रात्री मी त्या भरून घेते आणि शेवटी आम्ही दोघंही रडतो. हे म्हणतात, शाळेत फार सांगू नकोस, मुलावर शिक्का बसेल. सासूबाई म्हणतात, वर्षभर इकडे आणून ठेव, घरी मास्तर लावू. काय करू?"

आधी तुझ्या नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल. मी सोलापुरात आयुष्यभर शिकवलं. सहावीच्या वर्गात एक मुलगी होती, दर तीन आठवड्यांनी एक दिवस गैरहजर. विचारलं की आई म्हणायची, "पाहुणे आले होते." मी पोरीला वर्गात उभं केलंय त्यावरून. पुढे घरातल्या कुणाला तरी भेटायला दवाखान्यात गेले, तर ही समोरच्या खाटेवर. थॅलेसेमिया होता, रक्त चढवत होते. उजव्या हाताला सुई, म्हणून डाव्या हातानं मैत्रिणीच्या वहीतून विज्ञान उतरवून घेत होती. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दर तीन आठवड्यांनी तिच्या वहीत एक पान वाकडंतिकडं यायचं आणि त्याखाली मी लाल शाईनं "अक्षर सुधार" लिहीत होते. त्या आईनं मला एका वाक्यात खरं सांगितलं असतं, तर त्या लेकराचं वर्ष वेगळं गेलं असतं. मीही खोदून विचारायला हवं होतं, ते राहिलंच. म्हणून कळकळीनं सांगते, शाळेला सगळं सांग. लपवलेल्या आजारावर शिक्का बसत नाही म्हणतेस? बसतो, फक्त तो आळशीपणाचा असतो.

आता हक्काचं बोलू. आपल्याकडची माणसं परदेशात शाळेकडे काही मागायला संकोचतात, "मास्तरांना कशाला त्रास" म्हणतात. पण आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलाच्या योग्य शिक्षणाची सोय करणं ही इंग्लंडमध्ये कौन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, कायदेशीर जबाबदारी आहे. १९९६ च्या शिक्षण कायद्याचं कलम १९ तेच सांगतं. सरकारी मार्गदर्शिकेत १५ दिवसांची रेघ आखलेली आहे, आणि ते दिवस सलग असावे लागत नाहीत, तुटकही चालतात. तुझे २३ झाले. शाळा स्वतः पुरेशी सोय करत असेल तर कौन्सिल मध्ये पडत नाही, म्हणून मुख्याध्यापकांना लेखी कळव की सध्या फक्त वर्कशीट येतात, शिकवणारं कुणी नाही. सोबत डॉक्टरांचं पत्र जोड. फोनवर बोललीस तरी नंतर दोन ओळींचा ईमेल टाक, बोलणं हवेत विरतं.

मुख्याध्यापकांना भेटशील तेव्हा इंडिव्हिज्युअल हेल्थकेअर प्लॅन करून घे, म्हणजे शाळेत त्याची काळजी कशी घ्यायची याचा लेखी आराखडा. त्यात तुझ्या मुलासाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ओळ अशी: वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर त्याच दिवशी घरी फोन यायला हवा. स्टेरॉइडवर असलेल्या मुलाला ते जड जाऊ शकतं. लघवीला कधीही जाऊ द्यायचं, हेही लिहून घे. आणि गैरहजेरीत अभ्यास कोण पाठवणार, कोणत्या वारी पाठवणार, त्यातलं अत्यावश्यक किती, हे नावानिशी ठरव. सगळंच अत्यावश्यक असं उत्तर आलं तर ते मान्य करू नकोस.

अमेरिकेतल्या वाचकांनी १९७३ च्या कायद्यातल्या कलम ५०४ खाली ५०४ प्लॅन, म्हणजे मुलासाठी शाळेनं करायच्या सोयींचा लेखी आराखडा, मागावा. होमबाउंड, म्हणजे आजारी मुलाला घरी मिळणाऱ्या, शिकवणीचे नियम राज्यागणिक बदलतात. आजार उलटून उलटून येणारा असेल, तर सुटे सुटे दिवस धरून ती मिळते का, हे आधीच विचारून ठेवा.

आता घरचा अभ्यास. रात्रीच्या वर्कशीट बंद कर. सकाळी लघवीची पट्टी बुडवतेस ना? पिवळीची हिरवी झाली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जाताहेत असं दिसलं, की तुझा चेहरा उतरतो आणि तो पट्टीआधी तुझ्या चेहऱ्याकडे बघतो. त्या सकाळी पुस्तक काढू नकोस, गोष्ट वाचून दाखव. बऱ्या दिवशी वीस मिनिटं गणित, वीस मिनिटं वाचन, पुरे. स्टेरॉइडनं झोप उडते, चिडचिड होते, भूक खवळते. ते औषध बोलतंय, पोरगं नाही.

आणि साखर पेठेतल्या आजोबांना कामाला लाव. उन्हाळ्यात तुमचे सकाळचे अकरा म्हणजे इथले साडेतीन, त्यांची वामकुक्षी नुकतीच उरकलेली असते. हिवाळ्यात घड्याळ तासानं सरकेल तेवढं लक्षात ठेव. व्हिडिओवर त्यांनी अंगावरची चादर उलगडावी आणि विचारावं, "हे फूल पुन्हा कुठं येतं, सांग बरं? मध्ये किती बोटं जागा आहे?" मग पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि दीडचे पाढे, म्हणून घ्यावेत. त्याच्या वर्गात अपूर्णांकच चालू असतील. आजोबांना शिकवल्याचं समाधान, नातवाला आजोबा, आणि तुला अर्धा तास पाठ टेकायला मिळेल.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांची माया कळते, पण वर्षभर इकडे ठेवू नकोस. इथे त्याची काळजी घेतील, पण त्याच्या आजाराची दोन वर्षं जाणणारे डॉक्टर तिकडे आहेत आणि त्याचा वर्गही तिकडे आहे. अभ्यास मागाहून भरून निघतो. वर्गातली जागा, डबा खाताना शेजारी बसणारा मित्र, हे एकदा सुटलं की परत जोडायला फार वेळ लागतो. म्हणून त्याच्या बाईंना विचार, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं तो स्क्रीनवरून वर्गात बसू शकेल का. शिकायला नको, नुसता गोष्टीच्या तासाला. एका मित्राला शनिवारी घरी बोलाव, त्याला सर्दीखोकला नाही ना एवढं आधी विचारून घे. परत शाळेत जाताना गाल सुजलेले असतील, पोरं विचारतील. "औषधानं झालंय, जाईल" एवढं वाक्य त्याच्याकडून आधी दोनचार वेळा म्हणून घे. जास्त सांगायचं की नाही, ते त्याला ठरवू दे.

सोलापूर कुठे पळत नाही. लघवी साफ असेल आणि तिकडच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर सुट्टीत आणा त्याला. एप्रिल-मे मात्र टाळा, इथे पारा चाळिशीच्या वर असतो. आणि सासूबाईंना सांग, शेंगाचटणीचं पार्सल सध्या थांबवा. आजार उलटलेला असताना मीठ कमी ठेवावं लागतं. पोराला फारच आठवण येत असेल, तर एक वाटीभर बिनमिठाची चालेल का, हे दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांना विचारून मगच त्यांना कुटायला सांग.