वाचक विचारतात : परिचारिकेची आठवण शहराने कशी जागवावी?

प्रश्न : आमच्या नर्सिंग कॉलेजात १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रतिमेला हार घालतो, मेणबत्त्या लावतो, शपथ घेतो. यंदा माँट्रियल शहराच्या सहसंस्थापक झान माँस यांच्यावर प्रदर्शन करण्याचा विचार आहे. त्यांना ‘कॅनडाची पहिली नर्स’ म्हणावे का? आणि नर्स शहराची संस्थापक कशी, असे मुली विचारतात.
(शिक्षिका, धुळे)

उत्तर : ‘पहिली नर्स’ असे सरसकट लिहू नका. क्वेबेकमध्ये १६३९ सालीच ऑगस्टिनियन या ख्रिस्ती धर्मसंघाच्या तीन नन रुग्णसेवेसाठी उतरल्या होत्या. झान माँस नन नव्हत्या. म्हणून ‘धर्मसंघाबाहेरची तिथली पहिली परिचारिका’ असे लिहा.

त्यांचा जन्म १६०६ सालचा, फ्रान्समधल्या लाँग्र गावचा. वस्तीचे प्रमुख मेझोनव्ह यांच्याबरोबर त्या १७ मे १६४२ रोजी माँट्रियल बेटावर पोचल्या, तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. ओतेल-द्यू हे रुग्णालय त्यांनीच उभे केले. पण मुलींच्या प्रश्नाचे खरे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. इरोक्वा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांशी चाललेल्या लढायांमुळे वस्ती मोडायच्या बेताला आली होती. तेव्हा मादाम द ब्युलियाँ यांनी रुग्णालयासाठी दिलेल्या देणगीतले २२,००० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) झान माँस यांनी मेझोनव्ह यांच्या हवाली केले, माणसे आणायला. बदल्यात रुग्णालयासाठी जमीन लिहून घेतली. १६५३ मध्ये सुमारे शंभर माणसे फ्रान्सहून आली आणि गाव तगले. निधी कुठे वळवायचा, हा निर्णय एका परिचारिकेने घेतला होता. तरीही माँट्रियल महापालिकेने त्यांना मेझोनव्ह यांच्या बरोबरीने संस्थापक म्हणून अधिकृत मान दिला तो २०१२ साली.

तेव्हा प्रदर्शनातला सर्वांत मोठा फलक या २२,००० लिव्रचा करा. जखमा बांधणारी प्रेमळ बाई एवढेच दाखवले तर त्यांचे अर्धे काम झाकले जाते. आपल्याकडच्या मेट्रन आणि इनचार्ज सिस्टर यांच्या बाबतीतही हेच होते. औषधांचा साठा, चादरींचा हिशेब, ड्युटीचा तक्ता हे त्यांचे काम कोणी मांडतच नाही.

आणखी एक. ‘संस्थापक’ लिहिताना ती जागा ओसाड नव्हती, हेही लिहा. त्या परिसरात मूळ रहिवाशांचा वावर फार आधीपासून होता. धुळ्याचेच पाहा ना. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१८ नंतर इथे जिल्ह्याचे ठाणे केले आणि पेठ वाढवली, पण गाव त्याच्या आधीपासून होतेच.

प्रश्न : १२ मेच्याच आठवड्यात जुन्या दवाखान्यापासून वारसा फेरी काढायची आहे. मे महिन्यात जमेल का? परवानगी कोणाची लागते?
(विद्यार्थी मंडळ, धुळे)

उत्तर : जमेल, पण पहाटेच. सव्वासहाला निघा आणि पावणेआठच्या आत संपवा. त्यानंतर खानदेशातल्या उन्हात माणसे ऐकत नाहीत, सावली शोधतात. अंतर दीड किलोमीटरपेक्षा जास्त नको. थांबे पाच, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे. एका निवेदकामागे पंचवीस माणसे. जास्त आली तर पंधरा मिनिटांच्या अंतराने दुसरा गट सोडा. प्रत्येक थांब्यावर आधी एकदा त्याच वेळी जाऊन बघा, सावली कुठे पडते ते कळेल.

सगळ्यात जास्त घोटाळा ध्वनिक्षेपकाचा होतो. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. तसे असेल तर दवाखान्याच्या दारात माईक लावताच येत नाही. तिथली माहिती छापील कागदावर द्या किंवा दहा-दहा जणांना जवळ घेऊन सांगा. इतर थांब्यांवर ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी घ्या. सकाळी सहापूर्वी तो कुठेही वाजवायचा नाही. रस्त्यावर थांबणार असाल तर त्याच अर्जात थांबे आणि वेळा लिहा, प्रत वाहतूक शाखेला द्या. दवाखान्याच्या आवारासाठी अधीक्षकांचे पत्र वेगळे लागते. अर्ज किमान पंधरा दिवस आधी.

फेरीबरोबर पाणी आणि क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या, मीठ अंदाजाने टाकू नका. नर्सिंगच्या मुली सोबत असताना कोणी भोवळ येऊन पडले, असे व्हायला नको.

दिवस १२ मेचाच हवा असे नाही. १७ मे हा माँट्रियलचा दिवस पाचच दिवसांनी येतो. उद्घाटन बाराला आणि फेरी सतराला ठेवली तर फलक आठवडाभर लोकांसमोर राहतील.

प्रश्न : रेल्वे दवाखान्यातल्या आम्हा निवृत्त सिस्टरांच्या आठवणी जमवायच्या ठरल्या आहेत. सुरुवात कशी करावी?
(निवृत्त परिचारिका, भुसावळ)

उत्तर : ‘तुमचा अनुभव सांगा’ असे विचारले की भाषण मिळते. वस्तू हातात द्या किंवा वस्तूबद्दल विचारा. काचेची सिरिंज किती वेळ उकळायची? बोथट सुई दगडावर कोण घासायचे? कापूस-पट्ट्यांचा ड्रम ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) कधी जायचा? रात्री वीज गेली तर लेबर रूममध्ये काय करत होता? अशा प्रश्नांतून कामाची पद्धत, दिनक्रम आणि माणसे आपोआप निघतात.

बैठक पाऊण तासाची ठेवा, ज्येष्ठ बाई त्यापुढे थकतात. मोबाईल चालेल, पण तो बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा आणि विमान मोडवर टाका. कूलर बंद! मेमध्ये हे जिवावर येते, म्हणून बैठक सकाळीच लावा. कूलरची घरघर नंतर काढता येत नाही. बाई अहिराणीत बोलल्या तर जसेच्या तसे अहिराणीत उतरवा, खाली मराठी द्या.

संमती दोन वेगळ्या वाक्यांत घ्या: ध्वनिमुद्रण जपून ठेवायला आणि लोकांसमोर ऐकवायला. रुग्णांची नावे बोलण्यात येतातच, ती उतरवताना गाळा. प्रसूती नोंदवहीची पाने फोटोत घेऊ नका, त्यात बाळंतिणींची नावे असतात.

कागद हवे असतील तर १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये दवाखान्यांची गावे सापडतील. नर्सेसची नावे तिथे शोधण्यात वेळ घालवू नका. ती हजेरीपटांत, बदलीच्या आदेशांत आणि पेन्शनच्या कागदांत मिळतील. जुन्या फोटोंचे स्कॅन ६०० डीपीआयवर करा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

प्रश्न : फलकावर झान माँस यांचे कोणते चित्र वापरावे? मागच्या वेळी छापखान्यातून जोडाक्षरे तुटून आली होती.
(ग्रंथपाल, अमळनेर)

उत्तर : त्यांचे पुतळे फार नंतरचे आहेत. ओतेल-द्यूसमोरचा, शिल्पकार लुई-फिलिप एबेर यांनी केलेला त्यांचा पुतळा १९०९ चा, आणि झान माँस गेल्या १६७३ मध्ये. म्हणून पुतळ्याच्या फोटोखाली किंवा अशा नंतरच्या चित्राखाली ‘कल्पनेने केलेले’ असे लिहा.

मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि छापखान्यात जुना फॉन्ट असेल तर जोडाक्षरे फुटतात. तुम्हीच पीडीएफ करून द्या, छापण्याआधी एक फलक कागदावर मागवा आणि ‘र्‍या’, ‘द्ध’, ‘श्र’ तपासा. आकार ए-१, मजकूर शंभर-सव्वाशे शब्द, अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर. फ्लेक्स चमकतो आणि सुरकुततो, ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ फलक) मॅट लॅमिनेशन करून घ्या. अंगणात उभा करणार असाल तर पायाला वाळूची पोती बांधा, मेमधली वावटळ सनबोर्ड उडवून नेते.